तुझ्या नावावर एक आहेच

९ जानेवारी

ताई,

फोनवर तू रडतेस आणि मी चिडतो, म्हणून लिहितो. पत्रात निदान दोघांचं बोलणं पुरं होतं, आणि मागून तुझ्या सासूबाई "कोणाचा गं?" असं विचारत नाहीत.

आज चौथी मुलाखत झाली. झाली म्हणजे निम्मी झाली. लिफ्ट दुरुस्तीची कंपनी, टेबलावर काच, काचेखाली कुठल्याशा डोंगराचं चित्र. समोर दोन साहेब. सुरुवातीला मी म्हणजे जणू त्यांचा हरवलेला भाऊ. दार अर्धं उघडून अडकलं तर आधी काय बघशील, दोर झिजलाय हे हाताला कसं कळतं, सगळं विचारलं, सगळं सांगितलं. थोरला साहेब धाकट्याकडे बघून मान डोलवत होता. मग शेवटी म्हणाला, "व्हॅन चालवता ना? आमच्याकडे प्रत्येक मेकॅनिकला अवजारांची व्हॅन असते."

मी म्हटलं, चालवतो, लायसन्स आहे, पण एक सांगायचंय. साडेतीन वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवली आणि एका बंद दुकानाच्या भिंतीवर घातली. दीड वर्ष गाडी चालवायला बंदी होती. ती संपून दोन वर्षं झाली. त्या दिवसापासून थेंब घेतलेला नाही. कोणाला लागलं नव्हतं, भिंतीलाच काय ते लागलं.

ताई, दुधात पाल पडलेली दिसली की माणूस कसं करतो? ओरडत नाही, भांडं नुसतं लांब सरकवतो. तसं झालं. धाकट्याने माझा अर्ज दोन बोटांनी उचलून दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवला आणि ती बोटं पँटला पुसली. शाई लागली असेल कदाचित. "कळवतो" म्हणाले. जिना उतरेपर्यंत पुढच्याला आत बोलावलेलं ऐकू आलं.

राग आला असता तर बरं झालं असतं. किळस आली. त्यांची की माझी, ते घरापर्यंत ठरलं नाही.

सध्या गोदामात खोकी उचलतो. तिथे कोणी काही विचारत नाही, कारण त्यांना माणूस नको असतो, खांदा हवा असतो.

तुझा
खुडबुड्या

१७ जानेवारी

खुडबुड्या,

पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. अरे, तुला विचारलं काय होतं? व्हॅन चालवता का. "चालवतो." विषय संपला. त्यापुढचं रामायण कोणी मागितलं होतं? लहानपणीही असाच होतास. बाबांनी "शाळा कशी झाली" विचारलं की कोणाच्या डब्यात झुरळ टाकलं तेही सांगून मोकळा.

मी काही खोटं बोल म्हणत नाही. पण शिक्षा भोगून झाली ना तुझी? मग ती गळ्यात पाटी करून का मिरवायची? हे म्हणतात, अर्जात छापलेलं असेल तर बघावं, छापलेलं नसेल तर झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्यांना व्यवहार कळतो. उगाच नाही इमारतीचे सेक्रेटरी झाले.

आता एक सांगते, चिडू नकोस. त्या दीड वर्षात तू का येत नाहीस, असं सगळे विचारायला लागले, तेव्हा मी इथे सांगितलंय की तू परदेशात ट्रेनिंगला गेला होतास. सासूबाईंनी ते आणखी चार घरांत सांगितलं. तेव्हा इथे आलास की तेवढं सांभाळ. देश कुठला ते मी बोललेले नाही, तो तू ठरव.

आमची लिफ्ट पाच महिने बंद आहे. सासूबाईंचे गुडघे आणि पाचवा मजला. खालचं अंगण त्यांनी पाच महिन्यांत पाहिलेलं नाही. खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची टक्कलं मोजतात. भाऊ लिफ्टवाला आणि बहीण जिन्यात, असा टोमणा रोज एकदा असतोच.

जेवत जा वेळेवर.

ताई

३ फेब्रुवारी

ताई,

मी दीड वर्ष परदेशात होतो हे मला तुझ्या पत्रातून कळलं. कळवलंस, आभारी आहे. मला वाटत होतं मी ते दीड वर्ष पहाटे उठून बसच्या रांगेत काढलं.

चिडलेलो नाही. पण तुझी मान खाली जाऊ नये म्हणून तू मला समुद्रापार पोचवलंस, हे वाचून तोंड कडू झालं ते अजून गेलेलं नाही.

आता तुझ्या सल्ल्याचं ऐक. पाचव्या ठिकाणी गप्प बसलो. चहा आला, हस्तांदोलन झालं, सोमवारपासून या म्हणाले. बाहेर पडलो तेव्हा दाताखाली गंज चावल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही करायला कागद पाठवले. चौथ्या पानावर स्वच्छ छापलेलं: गाडी चालवण्यास कधी बंदी होती काय? लिहिलं, होय. तासाभरात फोन. "हे काल तोंडाने का नाही सांगितलं?" आधी मी नुसता दारुडा होतो, आता लबाडही झालो. दाजींना सांग, मूठ उघडली, आत सव्वा लाख नव्हते.

सहाव्या ठिकाणी दारातून आत शिरता शिरताच सांगून टाकलं. खुर्चीवरही बसलो नव्हतो. मालक एकटाच होता, जाडजूड, अत्तराचा घमघमाट. तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "मला असाच माणूस हवा होता. खरं बोलणारा." एक तरी अवघड प्रश्न विचारेल म्हणून मी थांबलो. विचारला नाही. लागलो मी, ताई. ओळख म्हणून दाजींचं नाव आणि नंबर दिलाय. त्यांची एक शाखा तुमच्या गावातही आहे.

आनंद झालाय. फक्त तो हात जरा जास्त वेळ खांद्यावर राहिला.

खुडबुड्या

१२ फेब्रुवारी

खुडबुड्या,

देव आहे. मी चुकले, तू बरोबर होतास, हे लेखी देते, जपून ठेव. असे मालक आजकाल दिवा घेऊन शोधले तरी मिळत नाहीत. ह्यांनी त्यांना आपणहून फोन करून आभार मानले. बराच वेळ बोलत होते दोघं. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, माणूस मोठ्या मनाचा आहे, ओळख राहायला हवी.

तो हात जास्त वेळ राहिला म्हणे. तुला कोणी पाठीवर हात ठेवला तरी आधी तू तो हात धुतलेला आहे का ते बघणार. माणसाने उपकार घ्यायलाही शिकावं रे.

ताई

२० एप्रिल

ताई,

उत्तर उशिरा देतोय. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, लिहायची लाज वाटत होती.

काम उत्तम आहे. व्हॅन मिळाली, अवजारं चांगली, माझ्याकडे बारा इमारती. विहिरीत, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाते त्या पोकळीत उतरलो की मी सुखी असतो. तिथे अंधार, ग्रीसचा वास, आणि बोलायला कोणी नाही. बाहेर आलो की संपलं.

मालक मला दाखवतो. अक्षरशः. कोणी गिऱ्हाईक आलं की हाक मारतो. "हा बघा, ह्याच्यावर बंदी होती. दारूची केस. कोणी उभं करत नव्हतं. आम्ही म्हटलं, चला, एक संधी देऊ." आणि तोच हात खांद्यावर. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून हळहळतं, मग मालकाकडे बघून भारावतं. गिऱ्हाईक भारावलं की मालक कंत्राटाचा कागद पुढे सरकवतो. मागच्या आठवड्यात एका बाईने मला विचारलं, "आता बरं वाटतं ना?" मी काय आजारी होतो?

कारखान्यात मला "बाटली" म्हणतात. "बाटली, पाना दे. बाटली आली का?" त्यातला एक जण रोज संध्याकाळी इतकी पितो की त्याला पायऱ्या दोन दिसतात. तोही मला बाटली म्हणतो.

मालकाचा जावई आहे, हुद्दा काय ते कोणालाच माहीत नाही. व्हॅन कोणाची का असेना, किल्ली उचलतो आणि जातो. जेवून आला की तोंडात पुदिन्याच्या गोळ्या. त्या गोळ्या कशाला लागतात ते मला कोणी शिकवायला नको.

खुडबुड्या

१ मे

खुडबुड्या,

दुभत्या गाईच्या लाथा गोड मानाव्यात. चार माणसांत मालक तुझं नाव घेतो, तेही तुला बोचतं? बाटली म्हणतात तर म्हणू देत, तू ओठाला लावत नाहीस ना. आणि त्या जावयाच्या गोळ्या मोजत बसू नकोस, आपण बरं की आपलं काम बरं.

नोकरी सोडायचा विचारही मनात आणू नकोस. पुन्हा सहा ठिकाणी तोंड वेंगाडायची ताकद आहे का तुझ्यात?

ताई

२४ जून

ताई,

हे पत्र एकटी वाच.

काल एका सात मजली इमारतीत लिफ्ट अडकली. आत एक बाई, गणिताच्या शिक्षिका आहेत, तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये. मी वीज बंद करून लिफ्टच्या टपावर उतरलो. वरची झडप उघडून त्यांच्याशी बोलत होतो, कारण अडकलेल्या माणसाशी बोलत राहावं लागतं. त्या मला विचारत होत्या, दोर किती जाड असतो आणि किती वजन पेलतो. भीती वाटली की त्या हिशेब करतात म्हणे. तेवढ्यात खालून किंकाळी आली. दोघांनीही ऐकली. त्यांना बाहेर काढल्याशिवाय मला जाता येत नव्हतं. वर यंत्राच्या खोलीत चढून हाताने चाक फिरवलं, लिफ्ट मजल्याला आणली, दार उघडलं आणि जिन्याने खाली धावलो.

माझी व्हॅन मागे आलेली. मागच्या चाकाशी इमारतीचे जिने पुसणाऱ्या बाई पडलेल्या. बादली लांब जाऊन भिंतीला टेकलेली. गुडघ्याखालचा पाय असा वळला होता की तो त्यांचाच आहे हे कळायला मला वेळ लागला. जावई शेजारी उभा. नवा सोफा आणायला व्हॅन हवी होती म्हणून आला होता, किल्ली मी गाडीतच ठेवली होती. तो गोळी चघळत होता. मला म्हणाला, "जरा हे धर," आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी धरली. मी खाली वाकून बाईंच्या डोक्याखाली अंगातला शर्ट काढून ठेवत होतो, मला भान नव्हतं. माणसं जमली तेव्हा व्हॅन माझी, किल्ली माझ्या हातात, आणि तो गायब.

बाईंची पाठ होती. त्यांनी कोण ते पाहिलेलं नाही.

संध्याकाळी मालकाने बोलावलं. दार लावलं, चहा मागवला.

म्हणाला, "वाईट झालं. पण जीव वाचला. दवाखान्याचं आपण बघू. शुक्रवारी पोलीस जबाब घेतील. तू चालवत होतास असं सांगायचं."

"मी वर होतो, साहेब. लिफ्टच्या टपावर."

"ते तुला माहीत. मला माहीत. तिसऱ्याला कुठे माहीत आहे?"

"मी का सांगू असं?"

तेव्हा तो अगदी मायेने बोलला, ताई. आवाज चढवला असता तर सोसलं असतं. "हे बघ, तुझ्या नावावर एक आहेच. आणखी एक आलं तर काय बिघडणार? डागाळलेल्या कपड्यावर दुसरा डाग कोणी मोजत नाही. त्याचं अजून कोरं आहे. त्याला लहान मुलगी आहे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर एका बाजूला माझा जावई, एका बाजूला तू. लोक कोणाचं ऐकतील, तूच सांग. हुशार आहेस." मग उठून आला आणि हात खांद्यावर. "तुला घेतलं तेव्हाच मला वाटलं होतं, हा माणूस उपकार विसरणार नाही."

तेव्हा कळलं, त्या दिवशी त्याने मला एकही अवघड प्रश्न का विचारला नाही ते. असा एखादा जवळ असलेला बरा, अडीअडचणीला कामाला येतो. गॅरेजमध्ये जुनं फडकं असतं ना खिळ्याला, तसं.

चहा प्यायलो नाही. बाहेर येऊन गटारापाशी ओकलो. साक्ष द्याल का विचारायला शिक्षिकाबाईंकडे गेलो होतो. त्यांच्या यजमानांनी दार अर्धं उघडलं, त्या मागून "बघते" म्हणाल्या, दार लागलं. मी त्यांना दोष देत नाही.

काय करू हे विचारत नाहीये. काय झालं ते तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

खुडबुड्या

२८ जून

खुडबुड्या,

पत्र वाचलं. एकटी वाच म्हणालास, पण ह्यांनी माझा चेहरा बघितला आणि विचारलं, मी दाखवलं. मागाहून कळलं की तुझ्या मालकांचा ह्यांना आधीच फोन आला होता.

मुद्द्यावर येण्याआधी एक चांगली बातमी. आमची लिफ्ट सुरू झाली. तुमच्या इथल्या शाखेतून परवा सकाळी अचानक दोन माणसं आली, नवा कसला तरी बोर्ड बसवला, एक पैसा घेतला नाही. तुझ्यावर इतकी माया आहे त्यांची. सासूबाई खाली अंगणात जाऊन दोन तास बसून आल्या. दहा महिन्यांनी त्यांना हसताना पाहिलं.

आता मुद्द्याचं. हे म्हणतात, शांत डोक्याने विचार कर. बाईंचा दवाखाना मालक बघणार आहेत. तुला पुन्हा बंदी आली तरी ते कामावरून काढणार नाहीत, आतलं काम देतील, तसा शब्द ह्यांना दिलाय. आणि तू नाही म्हणालास तर तुझ्यावरच येणार, किल्ली तुझ्या हातात होती. मग नोकरीही नाही आणि बदनामीही. तू काही पहिल्यांदा जाणार नाहीस त्यातून. तुला सवय आहे, असं हे म्हणाले.

मला काही सुचत नाही रे. मी फक्त ह्यांचं म्हणणं तुला कळवते. मोठ्या माणसांशी वैर आपल्याला परवडणारं नाही.

ताई

३ जुलै

ताई,

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी मी जबाब दिला होता. मी टपावर होतो, व्हॅन जावयाने मागे घेतली, तो जेवून आणि पिऊन आला होता, किल्ली त्याने माझ्या हातात दिली. एवढंच. लिहिणाऱ्याने पेन थांबवून विचारलं, "तुमच्यावर आधी बंदी होती म्हणे?" म्हटलं, होती, तेही लिहा. साक्षीला माझ्याकडे कोणी नव्हतं. बाहेर पडलो तेव्हा वाटलं होतं, आता मीच आत जाणार.

दोन दिवसांनी शिक्षिकाबाई स्वतः पोलिसांत गेल्या. यजमान नको म्हणत होते, त्यांना घरात ठेवून गेल्या. तिथल्या साहेबाने विचारलं, हाच माणूस वर होता हे कशावरून? त्या म्हणाल्या, "याचे बूट माझ्या डोक्यावर होते. दोर चौदा हजार किलो पेलतील का, या हिशेबात मी तेवढंच बघत होते. डाव्या तळाला भोक आहे." मला बोलावून बूट दाखवायला लावला. आहे भोक.

त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. मालक समोर आला नाही. किल्ली आणि अवजारं बाटली म्हणणाऱ्या त्या दारुड्याच्या हाती द्यायला लावली.

आता तुझ्या चांगल्या बातमीबद्दल. अपघाताच्या दिवशी मी मालकाला हो म्हणालो नाही, त्याच्या तीन दिवसांनी तुमच्याकडे फुकट बोर्ड आला. तो बोर्ड काय किमतीचा असतो हे मला ठाऊक आहे. तो कशाच्या बदल्यात आला ते दाजींना विचार. त्यांच्या तोंडून ऐक, माझ्याकडून नको.

"तुला सवय आहे." मालकाने हे शब्द वापरले नव्हते, ताई. तेवढे माझ्या घरातून आले.

मला काही दिवस लिहू नकोस.

खु.

१५ जुलै

खुडबुड्या,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहिते. उत्तर नको देऊस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी सासूबाई खाली अंगणात होत्या. दुपारी तीच दोन माणसं आली, वर गेली, बसवलेला बोर्ड काढला, पिशवीत घातला आणि गेली. माझ्यासमोर. मी विचारलं, अहो काय करताय? एक जण म्हणाला, "वरून सांगणं आलंय, बाई." लिफ्ट मेली. सासूबाई खाली, घर पाचव्यावर. संध्याकाळी चार जणांनी त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं. प्रत्येक मजल्यावर त्या शिव्या देत होत्या. मालकाला नाही, तुला.

रात्री ताटं वाढल्यावर ह्यांना विचारलं, बोर्ड कशाच्या बदल्यात होता? ह्यांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं, जसं काही भाजीचा भाव सांगतात. "तुझ्या भावाने हो म्हणायचं, एवढंच होतं. इमारतीचं काम झालं असतं, आईचं झालं असतं, त्याची नोकरीही राहिली असती. एका माणसाच्या हट्टापायी चाळीस घरं जिन्यात." मी म्हटलं, आणि त्या बाईंचा पाय? "तो त्याने हो म्हटल्याने जुळणार होता का?"

सतरा वर्षं ह्यांच्याबरोबर जेवते. त्या दिवशी पहिल्यांदा ह्यांच्या चावण्याचा आवाज ऐकू आला, आणि तो आता थांबतच नाही. रोज वाढते, रोज ऐकू येतो. मी घर सोडून येत नाहीये, घाबरू नकोस. पण ही किळस भांड्याच्या करपल्यासारखी आहे, घासून जात नाही.

तिथेच सासूबाईंना सांगितलं, माझा भाऊ परदेशात गेला नव्हता. दारू पिऊन गाडी ठोकली म्हणून बंदी होती. आणि आता जी केस आहे ती त्याची नाही. त्यांनी ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाल्या, "ते असू दे. पण लिफ्टने काय पाप केलं होतं?"

आता माझं. हे सांगत होते आणि मी लिहीत होते, असं मी मनाशी म्हणत होते. पण ते पत्र पुन्हा आठवलं. "तुला सवय आहे" हे ह्यांचं वाक्य मी गाळू शकले असते. हात माझा होता. मी लिहिलं.

ताई

२२ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन दोन महिने हिंडलो. आता लिहितो.

जावयावर केस उभी राहिली. मालक सगळीकडे सांगतो की त्याने अस्तनीत साप पाळला होता. सांगू दे.

मधल्या काळात आणखी पाच मुलाखती दिल्या. आता सांगायच्या गोष्टी दोन झाल्या होत्या, बंदी का आली आणि मागची नोकरी का गेली. दुसरी ऐकून लोक पहिलीपेक्षा जास्त बिचकतात. दारुडा एकवेळ चालतो, मालकाविरुद्ध जबाब देणारा चालत नाही. एकाने तर हसत सांगितलं, "उद्या आमच्याविरुद्ध द्याल."

सहाव्या ठिकाणी एक इंजिनियर बाई होत्या. सगळं ऐकून घेतलं. ना बोटं पुसली, ना खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "सहा महिने व्हॅन देणार नाही. पेटी घेऊन बसने फिरावं लागेल. सहा महिन्यांनी बघू." इतका सरळ अविश्वास मला या चार वर्षांत कोणी दाखवला नव्हता. मी लगेच हो म्हटलं. पेटी जड आहे, पण चालतंय.

मागच्या रविवारी जिने पुसणाऱ्या बाईंकडे गेलो होतो. तळमजल्याची एक खोली, मुलगी कामावर गेलेली. बाई खाटेवर पाय लांब करून मटार सोलत होत्या. पाय वाचला, पण गुडघा वाकत नाही, जिने पुसणं आता नाही. मला पाहून बसा म्हणाल्या. म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत, सगळे म्हणतात. चहा टाकते थांबा." काठी शोधत होत्या.

मला तो चहा घेववला नसता, ताई. म्हणून त्यांना माझंही सांगितलं. सवयीने तेच वाक्य तोंडात आलं, कोणाला लागलं नव्हतं, भिंतीलाच.

त्यांनी काठी खाली ठेवली. "त्या भिंतीपाशी एरवी कोण असतं?"

मी कधी विचारच केला नव्हता. पण उत्तर माहीत होतं, कारण त्या रस्त्यावरून रोज जायचो. "एक म्हातारी वर्तमानपत्रं विकते."

"मग तेव्हा कुठे होती?"

"घरी गेली होती. उशीर झाला होता."

"म्हणजे ती लवकर उठून गेली म्हणून वाचली. तुम्ही काही केलंत म्हणून नाही."

"नाही."

त्या पुन्हा मटार सोलायला लागल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही वाईट माणूस नसाल. पण आत्ता मला तुम्ही इथे नको आहात. मळमळतंय."

मी उठलो. वाईट वाटलं नाही. गेल्या चार वर्षांत माझी किळस करायचा हक्क खरा कोणाला असेल तर तो त्या बाईला होता, आणि तिने ती तोंडावर केली. मला बरं वाटलं असं म्हणणार नाही.

निघताना पाहिलं, त्यांच्या खोलीचं दार खाली फरशीला घासतं. उघडायला दोन्ही हात लावावे लागतात, म्हणजे बाईंना काठी सोडावी लागते. येत्या रविवारी रंधा घेऊन जाणार आहे. आत बोलावणार नाहीत, माहीत आहे. दार काय, उंबऱ्याबाहेर उभं राहूनही तासता येतं.

तुझा
खुडबुड्या